जागा भरली

भाचीने आज बेकरीतून गरम बिस्किटं आणली आणि त्या वासाने माझं डोकं सटकलं. ऐंशीच्या दशकात पार्ल्याच्या स्टेशनबाहेर हाच वास असायचा, आणि तिथल्याच एका ऑफिसात मी टायपिस्टच्या जागेसाठी गेले होते. साहेबांनी टेस्टचा कागद वरखाली पाहिला, त्यात एकही चूक सापडेना. "झकास! सोमवारपासून ये," म्हणाले आणि चहा-बिस्किटं मागवली. माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं. तेवढ्यावरून त्यांनी मला आपल्यातली ठरवून टाकलं होतं. "बरं झालं तू आलीस. सकाळपासून नको नको ते लोक येतायत. तोंडावर सांगता येत नाही गं, उगाच केस व्हायची." "मग काय सांगता?" "जागा भरली म्हणतो!" ते खूश होऊन हसले. मग सहज विचारल्यासारखं, "तुमचं कुलदैवत कुठलं?" काम टायपिंगचं आणि चौकशी देवाची! एखाद्या देवीचं नाव ठोकून देता आलं असतं. का देऊ? "आमच्यात कुलदैवत नसतं. आम्ही बौद्ध," मी म्हटलं. माझ्यापुढे सरकवलेली बिस्किटांची बशी त्यांनी हळूच स्वतःकडे ओढली. "असं होय... म्हणजे बघा, त्या जागेचं काय झालंय..." "भरली," मीच म्हटलं आणि त्यांच्या डोळ्यांत बघत चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला. "मावशी, ऐकतेयस ना?" भाची पुडा फोडत सांगत होती, "टेस्ट पास झाले! आता फक्त साहेब घरच्यांबद्दल जरा गप्पा मारणारेत." मी बिस्किट खाली ठेवलं. "कसल्या गप्पा?"