साहेबांसाठी सोडलेला स्वल्पविराम

एका स्वल्पविरामावर माणसाचं घर टिकतं किंवा जातं. हे मी स्वानुभवाने लिहिते आहे, म्हणून वाचणाऱ्याने थोडा संशय घ्यायला हरकत नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, भिंगारला एका लष्करी कचेरीत हेडक्लार्क होते. गणवेश नव्हता, पण बुटांना पॉलिश रोज. घरात आई तिच्या श्रीगोंद्याकडची मराठी बोलायची आणि अण्णा इंग्रजी लिहायचे. बोलायचे नाहीत, बोलताना विरामचिन्हं दिसत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. दूधवाल्यालासुद्धा ते इंग्रजीत चिठ्ठी ठेवत: ‘टुमारो, नो मिल्क.’ दूधवाल्याला इंग्रजी येत नव्हतं, पण चिठ्ठी दिसली की दूध घालायचं नाही एवढं त्याला कळलं होतं. अण्णांच्या मते हा कॉमाचा परिणाम.

संध्याकाळी क्वार्टरच्या पायरीवर बसून मला ते इंग्रजी परिच्छेद मोठ्याने वाचायला लावत. कॉमाला एक श्वास, फुलस्टॉपला दोन. सर्दी झाली की माझं व्याकरण बिघडायचं. पायरीसमोर कडुनिंब होता आणि त्याच्या निंबोळ्या वहीवर पडत. त्यांचे डाग अण्णा बोटाने दाखवून म्हणत, “हा फुलस्टॉप नाही. पुढे वाच.” आजही ईमेल पाठवण्याआधी मी ओठ हलवत श्वास मोजते. माझ्या कचेरीतल्या तरुण मुली एकमेकींकडे बघतात.

मी दहावीला होते तेव्हा अण्णा डिसेंबरअखेर निवृत्त होणार होते. नोकरी संपली की क्वार्टर सोडायचं. म्हणजे परीक्षेला तीन महिने उरले असताना मला शाळा सोडून आईच्या माहेरी जावं लागणार होतं, आणि तिथून परीक्षेला एसटीने यावं लागणार होतं. ती एसटी वेळेवर येते असं माझ्या आजोळातही कुणी म्हणत नसे. म्हणून अण्णांनी अर्ज करायचं ठरवलं: मुलीची परीक्षा होऊन निकाल लागेपर्यंत क्वार्टर राहू द्यावं.

आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज दुरुस्त केलेल्या माणसाने स्वतःच्या अर्जाचा कच्चा मसुदा लिहायला तीन दिवस लावले. चौथ्या दिवशी तो टेबलावर ठेवून ते अंघोळीला गेले. मी वाचला. शेवटच्या परिच्छेदाची सुरुवात होती ‘इन व्ह्यू ऑफ द अबव्ह’, आणि त्यापुढे कॉमा नव्हता. माझा विश्वासच बसेना. बिचारे काळजीत आहेत, असं समजून मी त्यांच्याच पेनाने कॉमा घातला. अण्णांनी कचेरीत जाऊन अर्ज टाइप केला. चांगला टायपिस्ट मजकूर वाचत नाही, बोटांनी उतरवतो. माझा कॉमाही उतरला.

दोन दिवसांनी अर्ज परत आला. खाली साहेबांचा शेरा: कारण पुरेसं स्पष्ट नाही, चर्चा करावी.

अण्णांनी तो घरी आणला आणि खुर्चीत बसून ओळीओळीने वाचला. मग म्हणाले, “हा कॉमा कुणी घातला?”

मी म्हणाले, “मी. तुम्ही विसरला होता.”

“मी विसरलो नव्हतो. सोडला होता.”

मग त्यांनी मला नोकरीतलं एकमेव गुपित सांगितलं. कागद साहेबांपुढे गेला की साहेब पेन उघडतात. उघडलेलं पेन काही केल्याशिवाय बंद होत नाही. निर्दोष कागद दिला तर ते परिच्छेद बदलतात, नाहीतर शंका काढतात. म्हणून प्रत्येक मसुद्यात एक कॉमा त्यांच्यासाठी सोडायचा. तो ते घालतात, समाधानाने सही करतात. दर दोन-तीन वर्षांनी साहेब बदलले, पण ही रीत अण्णांनी बदलली नाही.

“म्हणजे माझा कॉमा चुकला?” मी विचारलं.

“कॉमा बरोबर आहे. अर्ज चुकला.”

आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. “लई शानी झालीस,” ती मला म्हणाली. मग अण्णांकडे वळली. “आन् तुमी! पोरीला रोज कॉमा शिकवायचा, आन् सोतानं गाळायचा? मंग शिकिवला कशाला?”

अण्णांनी अर्जाची घडी करून खिशात ठेवली. निवृत्तीला नऊ दिवस उरले होते. मी पुस्तकं बांधायला पोतं शोधून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच अर्ज, शब्द न शब्द तोच, एक कॉमा काढून पुन्हा टाइप केला. तीन दिवस काही कळलं नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी अण्णा आले, बूट काढले आणि कागद माझ्या हातात दिला. मंजूर. हिरव्या शाईत सही होती आणि त्याच शाईत एक कॉमा. साहेबांनी तो ‘व्ह्यू’च्या पुढे घातला होता.

“चुकीच्या जागी आहे,” मी म्हणाले.

“असू दे,” अण्णा म्हणाले. “आपण बरोबर जागी आहोत.”

अण्णांच्या तोंडून चुकीच्या विरामचिन्हाबद्दल ‘असू दे’ मी तेवढं एकदाच ऐकलं. तो कागद अजून माझ्याकडे आहे. अण्णा नाहीत. आता संगणकच चुकलेल्या जागी निळी रेघ ओढतो आणि साहेब लोकांना पेन उघडायचं कारण उरलेलं नाही. मी मात्र माझ्या वरिष्ठांना मसुदा पाठवताना एक कॉमा सोडते. सही अजून तरी वेळेवर होते.

परीक्षा झाली, निकाल लागला, आणि जूनमध्ये आम्ही क्वार्टरची चावी कचेरीत जमा केली. पुढे काही वर्षांनी भिंगारला गेले होते तेव्हा वाट वाकडी करून बघायला गेले. पायरीवर निंबोळ्यांचा थर होता आणि दाराला कुलूप. शेजारच्या काकूंना विचारलं, आता इथे कोण राहतं?

“कुनी न्हाई,” त्या म्हणाल्या. “तुमी गेल्यापासून कुनाला दिलंच न्हाई.”