अर्ध्या माणसाची दुरुस्ती

पुतणीच्या लग्नात सगळे अक्षता टाकत होते आणि मी पत्रावळी मोजत होते.

मी बुऱ्हाणपुरात कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते. भाऊ शाहपूरजवळ आमच्या गावीच असतो, केळी करतो. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा आवतणाची यादी सहाशे माणसांची निघाली. भाऊ म्हणाला, सहाशेंचाच स्वयंपाक सांगू. मीच आडवी आले. म्हटलं, सहाशे बोलावले म्हणून सहाशे येतात का कधी? मागची दोन-तीन लग्नं आठवून बघ, दहातले सातच येतात. बाकीचं अन्न गुरांपुढे ओतायचं का?

भाऊला धास्ती वेगळीच होती. आमच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात भात संपला होता. त्याला आता तीस वर्षं होतील, पण गावात कोणाशी वाजलं की ती गोष्ट निघतेच. पुन्हा तसं झालं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, एवढंच तो म्हणाला.

मी वही उघडली. प्रत्येक माणूस म्हणजे एक नाणं, एक तर येणार, नाही तर नाही. सहाशे नाण्यांचा हिशोब एकेक करून मांडायचा तर जन्म जाईल, म्हणून तो सगळा घंटेच्या आकाराच्या वक्रावर बसवायचा. दरवर्षी पोरींना हेच फळ्यावर करून दाखवते. सरासरी आली चारशे वीस, आणि तिच्या अलीकडे-पलीकडे अकरा-बाराचा फरक. माणसं अख्खी मोजतात आणि वक्र तर सलग असतो, म्हणून साडेचारशेच्या पुढे अर्धा धरायचा असतो. तोही धरला. साडेचारशेच्या वर माणसं येण्याची शक्यता निघाली हजारात तीन. म्हटलं, साडेचारशेंचाच स्वयंपाक सांग.

"पक्कं ना, मास्तरीणबाई?" भाऊने विचारलं.

मी म्हटलं, पक्कं. शहाणपणाची हौस, दुसरं काय!

लग्नाच्या सकाळी मी मंडपात चहा पीत उभी होते. त्या दिवशी केळीचे ट्रक आले नव्हते, कटाई बंद, सगळं गाव मोकळं. भाऊ फोनवर कोणाला तरी सांगत होता की आवतण चूलबंद आहे, म्हातारीलाही घेऊन येजो. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही, सगळ्यांनी लग्नघरी जेवायचं. हे मला कळायला लागल्यापासून ठाऊक. पण त्या क्षणी मी कप खाली ठेवला. आमच्याकडे माणूस एकटा येतोच कुठे? घर येतं, नाहीतर अख्खं घर येत नाही. नाणी स्वतंत्र असली पाहिजेत, हे मी फळ्यावर सगळ्यात आधी लिहिते. इथे सहाशे सुटी नाणी नव्हतीच. शंभर घरं होती, सहा-सहा माणसं एका दोरीत बांधलेली.

लग्नपत्रिकेच्या पाठीवर पुन्हा मांडलं. सरासरी तीच, पण फरक आता सत्तावीस-अठ्ठावीसचा. हजारात तीन कसले, शंभरात अकरा-बारा! अर्ध्या माणसाची दुरुस्ती केली होती मी, आणि अख्खी घरं विसरले होते.

हलवायाकडे धावले. तो म्हणाला, मिठाईचा मावा शहरातून मोजून आणलाय, फार तर वरण-भात पाचपंचवीस माणसांचा वाढवतो. भाऊला सांगायची माझी हिंमत झाली नाही. तो दारात हात जोडून येईल त्याला या-या म्हणत होता, आणि मी पत्रावळी मोजत होते.

साडेचारशे झाल्या. मग पावणेपाचशे. शेवटच्या पंगतीला शेजारच्या काकू, त्यांचा मुलगा आणि सून बसणार होते. तिघं दुपारभर आमच्याकडे वाढत होते, म्हणून राहिलेले. काकूंनी पातेल्यात डोकावलं, मग भाऊच्या तोंडाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या की वाढता वाढताच पोट भरलं बाई. तिघं निघून गेले.

पाठवणी झाली. संध्याकाळी पाचच्या सुमाराला भाऊ आणि मी ओट्यावर बसलो होतो, दोघंही उपाशी. शेवटी मी सांगून टाकलं की चूक माझी, आणि ती मला सकाळीच कळली होती. तो काही बोलणार तेवढ्यात शेजारी काकूंच्या घरात कुकरची शिटी झाली. चूलबंदच्या दिवशी सगळ्या गल्लीत ती एकच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भाऊ उठला, फेटा सारखा केला आणि मला नुसतं चल म्हणाला. काकूंच्या दारात त्याने हात जोडले. काकू पदराला हात पुसत लगबगीने बाहेर आल्या आणि दार अडवून उभ्या राहिल्या.

"अरे, चहा ठेवलाय नुसता," त्या म्हणाल्या.

आत दुसरी शिटी झाली.