तुळिंजची मामा

मामा आमच्या घरी कधी बसली नाही. सोफा होता, खुर्च्या होत्या, माझ्या सासूबाईंनी तिच्यासाठी मुद्दाम एक स्टूल ठेवलं होतं. पण ती चहाचा कप घेऊन दाराच्या चौकटीला खांदा टेकून उभी राहायची. एक डोळा आमच्याकडे, एक जिन्याकडे. जिन्यात पावलं वाजली की तिचं बोलणं अर्ध्यातच थांबायचं. पावलं वर गेली, कुणाचं तरी दार उघडलं आणि लागलं, की ती वाक्य जिथं सोडलं होतं तिथूनच उचलायची. बूट मात्र आमच्या दाराबाहेर काढायची, कारण सासूबाईंना घरात बूट चालत नसत. स्वतःच्या घरात ती लेस बांधून बूट घालूनच वावरायची. मी एकदा कारण विचारलं, तर सहज म्हणाली, "चपलेत पळता येत नाही, ताई." मग माझ्या लक्षात आलं, आमच्या चौकटीपासून तिचे बूट एका पावलावर असायचे.

आमची बिल्डिंग नालासोपारा पूर्वेला, तुळिंजच्या गर्दीत. लिफ्ट नसलेली, चार मजल्यांची. आमच्या समोरचा फ्लॅट मालकानं तिला भाड्यानं दिला होता. लहान मुलांचे तयार कपडे घाऊक घेऊन ती आपल्या देशात, नायजेरियाला पाठवायची, आणि उरलेल्या वेळात आजूबाजूला राहणाऱ्या तिच्याकडच्या मुलींचे केस विणून द्यायची. त्या मुली जिना चढताना खालूनच "मामा!" अशी हाक मारीत. त्यांच्यात मोठ्या बाईला तसं म्हणतात. बिल्डिंगमधली पोरं ते ऐकून हसून हसून लोळायची. बाई असून मामा! सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या राजापूरकडच्या, माणूस चटकन आपलं करणाऱ्या. म्हणाल्या, "मामा तर मामा. मला दोन मामा होते, दोघेही कामाचे नव्हते. ही तरी बरी निघेल." त्या दिवसापासून ती आमचीही मामा झाली. ती सासूबाईंना आई म्हणायला लागली, मला ताई.

तिची भाषा म्हणजे हिंदी, मराठी आणि इंग्रजीची स्वतः शिजवलेली खिचडी. त्यात सासूबाईंचा "गो" तिनं पटकन उचलला. "आती हूँ गो," "थँक्यू गो," असं चालायचं. शब्दांचे अर्थ विचारायची तिला फार हौस. एकदा माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "सगळे मला सांगतात, तू तशी चांगली आहेस. तशी म्हणजे कशी?" खरंच, बिल्डिंगमध्ये तिला कुणी वाईट बोलत नव्हतं. जिन्यात ती दिसली की बायका मुलांचा हात जरा घट्ट धरत, एवढंच. आणि मागाहून म्हणत, तशी चांगली आहे हो ती.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी वसईजवळच्या होळी गावची एक भाजीवाली बसते. आपल्याच वाडीतला माल आणते. मामानं तिच्याकडे रताळ्याचा पाला मागितला. भाजीवाली आधी चक्रावली. "पाला मानसं खातात? आमची गुरं खातात तो!" मामानं तिथंच, रस्त्यावर, हातवारे करून सगळी कृती सांगितली, कांदा असा, मिरची अशी, सुकी मासळी अशी. सुक्या मासळीचं नाव निघाल्यावर भाजीवालीचा चेहरा खुलला. पुढच्या खेपेला तिनं टोपलीच्या तळाशी ओल्या फडक्यात गुंडाळून पाला आणला, आणि नंतर स्वतःही घरी करून पाहिला. "बरा लागतो," एवढंच म्हणाली, पण मामाची जुडी बाजूला ठेवायला कधी विसरली नाही.

मामाची सगळी हकिकत आम्हाला कळली ती सासूबाईंच्या केसांमुळे. त्यांचे पांढरे, विरळ केस पाहून मामाचे हात शिवशिवायचे. एका दुपारी त्यांना स्टुलावर बसवून ती मागं उभी राहिली आणि तेल लावून बारीक बारीक पेड घालू लागली. हात चालू असले की तिचं बोलणं थांबत नसे. तिचं गाव नायजेरियाच्या मधल्या भागातलं, शेतीचं. तिथं मोटारसायकलींवरून बंदुका घेतलेली माणसं येत. एकदा बाजाराच्या वाटेवरून त्यांनी तिच्या नवऱ्याला उचलून नेलं. तो परत आला नाही. "सरकारनं काहीच केलं नाही?" मी विचारलं. "केलं ना. दुसऱ्या दिवशी आले. फोटो काढले."

ती गाव सोडून घानाला गेली. तिथल्या बाजारात कापडाचं दुकान टाकलं. थोड्याच दिवसांत तिथले दुकानदार म्हणू लागले की बाहेरच्यांनी आमचा धंदा खाल्ला. एका सकाळी ती दुकानावर गेली तर दाराला दुसऱ्याच कुणाचं कुलूप. "माझं दुकान, आत माझं कापड, आणि कुलूप त्यांचं!" हे सांगताना ती हसली होती. मग ती आणखी खाली उतरली, जोहान्सबर्गला. तिथं वस्तीत केस कापायचं, विणायचं छोटं दुकान काढलं. तिथलं गिऱ्हाईक चांगलं होतं, शेजार चांगला होता. "ते पण काळे, मी पण काळी. मला वाटलं, झालं, आता कोण ओळखणार?" पण माणसं बोलण्याच्या हेलावरून ओळखतात. एक दिवस जमाव निघाला आणि परदेशी माणसांची दुकानं शोधत वस्तीभर फिरला.

शेजारी एक म्हातारी होती, तिथलीच. तिला सगळे गोगो म्हणत. गोगो म्हणजे आजी. (आमच्या घरातला "गो" मामाच्या तोंडात इतका लवकर का बसला, ते मला तेव्हा कळलं.) गोगोनं तिला आपल्या न्हाणीघरात कपड्यांच्या ढिगामागं लपवलं. संध्याकाळी गोगोचाच मुलगा मित्रांना घेऊन घरी आला. जेवायला बसले. परदेशी बाईच्या दुकानाला आग कशी लावली, आरसे कसे फुटले, ते तो सांगत होता, आणि आईकडं आणखी रस्सा मागत होता. "वाईट मुलगा नव्हता तो," मामा म्हणाली. "माझ्याकडे केस कापायला यायचा. मला त्याचं हसणं ओळखू येत होतं. तेच वाईट."

त्या रात्री ती तिथून निसटली, आणि पुढं कपड्यांच्या धंद्यासाठी इकडं आली. सासूबाईंनी विचारलं, "आणि त्या गोगोचं काय झालं गो पुढं?"

मामाचे हात थांबले. मग तिनं शेवटचा पेड बांधला आणि आरसा आणायला समोर आपल्या घरात गेली.

त्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला मिळालं एका रविवारी. दुपार उतरत होती. बाजारात दोन आफ्रिकन तरुणांची आणि काही रिक्षावाल्यांची धक्का लागल्यावरून जुंपली. कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं, आणि ते चित्रण हातोहात फिरू लागलं. भांडण केव्हाच मिटलं होतं. पण चित्रण पाहून माणसं पेटत होती, आणि प्रत्येकाजवळ पोचेपर्यंत गोष्ट मोठी होत होती. थोड्याच वेळात हातात दांडकी घेतलेला एक घोळका एकेका बिल्डिंगच्या फाटकाशी थांबून विचारू लागला, "इथं काळे किती राहतात?"

आमच्या फाटकाशी सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते. घाबरलेले. मी खिडकीतून ऐकलं, ते म्हणाले, "दुसऱ्या मजल्यावर एक बाई आहे. पण तशी चांगली आहे हो."

मी धावत दार उघडलं. मामा तिच्या दारात उभी होती, बूट घालून, लेस बांधून. सासूबाई माझ्याआधीच पुढं झाल्या. "ये गो आत. मागच्या खोलीत जाऊन बस. दार मी बघते."

मामानं मान हलवली. "नाही, आई."

"अगो, वेडी आहेस काय? मारतील मेले!"

तेव्हा ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "गोगोनं मला लपवलं. मी निघून गेल्यावर त्यांना कळलं. त्यांनी तिचं घर जाळलं, आई. म्हातारीचं घर. मुलगा बघत उभा राहिला." आणि मग माझ्याकडं वळून, "मी परत कुणाच्या घरात लपणार नाही. दार लावून घ्या, ताई. मला ओळखत नाही म्हणा."

ती जिना उतरू लागली. खाली, गच्चीकडं नाही, सरळ खाली. जमावानं जिना चढायच्या आत तिला फाटकापर्यंत पोचायचं होतं, म्हणजे कुणी वर येणार नाही. सासूबाईंचे गुडघे गेलेले. एरवी एक मजला उतरायला कठड्याला धरून थांबत थांबत उतरणाऱ्या त्या, "थांब गो, थांब गो," करत तिच्या मागं निघाल्या. त्यांच्यामागं मी, त्यांना धरायला निघाले की अडवायला, माझं मलाच कळत नव्हतं.

फाटकाशी मामा उभी राहिली. हात दोन्ही बाजूंना मोकळे सोडलेले. "मैं हूँ," ती म्हणाली. "क्या चाहिए?" आरडाओरड एकदम वाढली. तेवढ्यात सासूबाई जाऊन तिच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांनी तिचा हात धरला. समोरच्या घोळक्यात त्यांना एक ओळखीचा चेहरा दिसला. त्यांना दर आठवड्याला व्यायामाला दवाखान्यात घेऊन जाणारा रिक्षावाला. हातात दांडकं.

"तू रे?" सासूबाई म्हणाल्या. "परवा मला हात देऊन उतरवलंस ना? त्याच हातात काय धरलंयस हे?"

तो शरमेनं निघून गेला, असं लिहायला मला आवडलं असतं. तो गेला नाही. त्यानं नजर खाली घेतली आणि म्हणाला, "आजी, तुम्ही बाजूला व्हा. तुमच्याशी आमचं काही नाही."

"मग हिच्याशी काय आहे? नाव तरी माहीत आहे का रे हिचं?"

मागून कुणीतरी फेकलेली बाटली मामाच्या कपाळावर लागून फुटली. रक्त डोळ्यात उतरलं. तिनं एका हातानं ते पुसलं आणि दुसऱ्या हातानं सासूबाईंना आपल्या पाठीमागं ओढून घेतलं. त्या लाल झालेल्या हाताकडं बघत पुढची रांग एक पाऊल मागं सरली. तेवढ्यात कुणीतरी बोलावलेली पोलिसांची गाडी गल्लीत शिरली, आणि घोळका कडेकडेनं विरघळू लागला. भाजीवालीनं टोपलीवरचं ओलं फडकं आणून मामाच्या कपाळावर दाबून धरलं. पोलिसांनी मामाला दवाखान्यात नेलं, मग कागदपत्रं बघायला ठाण्यात. मी बरोबर गेले. कागद सगळे चोख होते. ज्यानं बाटली फेकली तो कोण, ते कुणालाच दिसलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात सोसायटीची सभा झाली. मामावर कुणाचा राग नव्हता. प्रत्येकानं उठून तेच सांगितलं. तिच्याच जिवाला धोका आहे, बिल्डिंगमध्ये लहान मुलं आहेत, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? मी विचारलं, "बाटली तिनं फेकली होती का?" सेक्रेटरी म्हणाले, "ताई, तुमचं बरोबर आहे. पण शांतता पाहिजे ना." मी बराच वेळ बोलले, चिडून बोलले. सासूबाई तर सभा सोडून उठूनच गेल्या. पण ठराव झाला, आणि फ्लॅटच्या मालकानं मामाला घर रिकामं करायला सांगितलं.

ती भांडली नाही. मला तिच्या त्या न भांडण्याचाच संताप आला. "तू काही बोलत का नाहीस?" मी विचारलं. सामान बांधता बांधता म्हणाली, "मी बोलले, की ते म्हणणार, बघा, हे लोक असेच. मी गप्प बसले, की म्हणणार, तशी चांगली होती." मग थांबून, टाके घातलेल्या कपाळाला हात लावत, "आता मला कळलं, ताई, तशी म्हणजे कशी."

निघायच्या दिवशी सासूबाईंनी तिच्या पिशवीत आमसुलं आणि कुळथाचं पीठ कोंबलं. मामा वाकून त्यांच्या पाया पडली, ते तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. सासूबाई तिच्या गालावरून हात फिरवत राहिल्या. रिक्षा वळून गेली, तरी त्या बराच वेळ खिडकीशी उभ्या होत्या.

काही महिने ती दिल्लीत राहिली, मग लागोसला परतली. आपल्याच देशात, पण गावाला नाही. तिथं मोटारसायकली अजून येतात. लागोसमध्ये भाषा वेगळी, म्हणजे ती तिथंही थोडी बाहेरचीच. तरी तिनं केस विणायचं दुकान काढलं. फोनवर दाखवलं मला. अरुंद, लांबट, निळ्या भिंतींचं. कामाला हलिमा नावाची एक तरुण मुलगी ठेवली. सीमेपलीकडच्या नायजर देशातून आलेली. तिचा हात चांगला होता. दुकान चालू लागलं. मला जरा हायसं वाटलं. सासूबाईंना तर किती वाटलं! त्या फोनवर कुळथाची पिठी कशी करायची ते ओरडून ओरडून सांगत. अंतर लांबचं, म्हणून.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला, तेव्हा मागं ठोकाठोक चालली होती. मी विचारलं, काय चाललंय? म्हणाली, गल्लीतल्या दुकानदारांनी बैठक घेतली. बाहेरच्या लोकांना कामावर ठेवायचं नाही असं ठरलं. जागामालक येऊन सांगून गेला, तू आमची आहेस, तू राहा, त्या मुलीला तेवढं काढ. चांगला आहे माणूस, हात जोडून बोलत होता.

"मग?" मी विचारलं. जम बसत आलेलं दुकान, आणि ती आता तरुण राहिलेली नाही. "मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, ठीक आहे. आणि आम्हा दोघींसाठी दुसरी जागा बघितली. लांब आहे जरा. छप्पर गळतं." मागून हलिमा तिला हाक मारत होती, टेम्पो आला होता. तिला उत्तर देऊन मामा पुन्हा फोनवर आली. आवाजात दम लागलेला, पण त्यात असं काही होतं जे मी तुळिंजमध्ये कधी ऐकलं नव्हतं.

"या वेळी मला कुणी काढलं नाही, ताई," ती म्हणाली. "या वेळी मी निघालेय."