पिच्चरमधून गायब झालेलं म्हातारं

चहा घ्या, आन् हसायचं तर आत्ताच हसून घ्या. पुढं माझी फजितीच सांगणार आहे.

मी दुसरीच्या पल्याड शिकलो नाय. समदं वय मेंढरामागं गेलं. आता मुकुंदवाडीत लेकाकडं असतो. नात साक्षी इंग्रजी शाळेत. तिच्याकडं जादूच्या गोष्टींची पुस्तकं, एकामागं एक, समदी इंग्रजीतली. रोज सांजच्याला पुस्तक उघडून बसायची आन् मला मराठीत सांगायची. सावल्या चोरणारी एक राणी, तिच्या मागावर निघालेली पोरं, आन् पोरांसंगं एक घोंगडीवालं म्हातारं.

काय म्हातारं होतं हो ते! राणी तलवार घेऊन उभी, आन् हे तिलाच झापतंय, "रिकाम्या खोलीत एवढे दिवे कशाला लावलेत? आधी इझव." मी हसून बेजार. म्हणायचो, "पोरी, असलं कटकटं म्हातारं आपल्या घरात असतं तर एक दिवस ठेवलं नसतं मी."

सायबाच्या मुलखात त्या म्हाताऱ्याच्या फडक्यात बाजरीची भाकर कुठून आली, हे एकदाबी माझ्या टकुऱ्यात आलं नाय.

मग त्याच पुस्तकांचा पिच्चर आला. साक्षी वर्षभर त्याची वाट बघत होती. मला घेऊन क्रांती चौकाकडच्या टॉकीजात गेली. राणी आली, पोरं आली, सावल्या गेल्या. म्हातारं काय येईना. मध्यंतर झालं तरी नाय.

बाहेर आलो आन् तोंड सोडलं. म्हटलं, पिच्चर भिकार आहे, खरा माणूसच कापलाय. पॉपकॉर्न घेऊन उभी असलेली माणसं भोवती जमली. कुणीतरी मोबाईल धरला. एक बाई म्हणाल्या, खरंय आजोबा, हल्ली म्हाताऱ्यांना कुठंच जागा ठेवत नाहीत. मग काय, मी आणखी चढलो. सांगून टाकलं, म्हातारं दाखवल्याबिगर आत पाय टाकणार नाय.

घंटी झाली. समदे आत पळाले, मोबाईलवाला बी गेला. साक्षी तशीच उभी. मला एकट्याला सोडता येईना, आन् पिच्चर बी सोडवेना. डोळे भरले पोरीचे.

"आबा, चला ना. ते म्हातारं पुस्तकात नाहीच."

"नाय कसं? तूच तर वाचायचीस."

"तुम्ही डुलक्या घ्यायला लागलात की मी तुम्हालाच गोष्टीत घालायची. मग जागे राहायचात."

तिचा हात धरून गुपचूप आत जाऊन बसलो. पडद्यावर राणीच्या महालात, रिकाम्या खोल्यांमधी, ढीगभर दिवे जळत होते. अगदी ओठावर आलं होतं. गिळलं.

घरी पोचल्या पोचल्या साक्षीनं समदं आजीच्या कानावर घातलं. म्हातारी भाकरी करत होती. मी आपला सावरून म्हणालो, "पिच्चर तसा बरा हाय. एक म्हातारं तेवढं काढून टाकलंय त्यांनी."

तव्यावरची भाकर उलथत ती म्हणाली, "नशिबाची माणसं. आमच्याच्यानं नाय झालं."