चाऱ्याआधी, चाऱ्यानंतर

एडिनबराबाहेरच्या संशोधन-फार्मवर माझ्या पीएचडीच्या बैलांच्या पोटातला रस काढून देणारा टेक्निशियन ब्रिस्टलच्या मराठी डॉक्टरांचा मुलगा होता. बैल मांसासाठी पाळलेले, नुसत्या गवतावर वाढणारे. प्रत्येकाच्या कुशीला संशोधनासाठी मुद्दाम केलेलं, थेट पोटात उघडणारं, झाकण बसवलेलं भोक होतं. हा त्यात खांद्यापर्यंत हात घालायचा, बाटली भरायचा आणि आमचे प्रोफेसर वाइन हुंगतात तशी ती हुंगायचा. म्हणायचा, "बाबा बाहेरून पोट दाबतात. मी डायरेक्ट आत जातो."

एका कंपनीची पावडर चाऱ्यात मिसळली की पोटातलं आंबणं सुधारतं का, हे मी तपासत होतो. आकडे देखणे आले. पावडरवाल्या बैलांच्या पोटात आम्लता चक्क कमी! कंपनीचे साहेब टाय लावून गोठ्यात आले आणि शेण चुकवत 'नव्या युगा'वर बोलले. माझी पुढच्या वर्षाची शिष्यवृत्ती त्यांच्याच हातात होती.

हा कोपऱ्यात बूट धूत होता. तिथूनच म्हणाला, "सॉरी, पावडरवाल्यांचे नमुने चाऱ्याआधी घेतले, बाकीच्यांचे चाऱ्यानंतर. खाल्ल्यावर ॲसिड वाढणारच. चूक माझी."

वेळापत्रक मी केलं होतं. हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. मी शेणाकडे बघत राहिलो आणि साहेबांचं नवं युग गाडीत बसून निघून गेलं.

"थँक्स," मी पुटपुटलो.

त्याने खांद्यापर्यंत येणारा ग्लोव्ह माझ्या अंगावर फेकला. "थँक्स नको रे. उद्या सकाळी सात, दोन्ही ग्रुप, चाऱ्याआधी. आणि हात तू घालायचा."