जामची धून

काहीही विचारलं की तो आधी एक बोट वर करायचा, गाल फुगवायचा आणि म्हणायचा, "हवा भरू द्या, सरजी." चहा घेणार का, या प्रश्नालाही हेच उत्तर. काखेत पिशवी नसली तरी डावा कोपर आपोआप बरगडीवर दाबला जायचा. मशकबीन, म्हणजे बॅगपाइप, चाळीस वर्षं वाजवून त्याचं अंगच त्या वाद्याला बेतलेलं झालं होतं.

अशी माणसं तुम्हीही वरातीत पाहिली असतील. लाल कोट, खांद्यावर मळकी झालर, डोळे घोड्याच्या शेपटीवर. आपण नवरदेवाकडे बघतो. त्यांच्याकडे कोण बघतं?

मी आयुष्यभर शाळेत संगीत शिकवलं, वाजवलं व्हायोलिन. निवृत्तीनंतर एका जुन्या विद्यार्थ्यानं मला आपल्या बँडमध्ये ओढलं. तीन पोरं: गिटार, बेस, ड्रम. आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या नाचाच्या धुना घ्यायच्या आणि पंकच्या वेगात ठोकायच्या. "सर, याला सेल्टिक पंक म्हणतात," तो म्हणाला. त्यातलं पंक मला कळलं नाही, धुना मात्र कळल्या. सहा मात्रांच्या, आपल्या दादऱ्यासारख्या, फक्त मागे कुत्रं लागलेल्या.

काही महिने त्या बँडचा कान, नाक, डोळा मीच होतो. मग पोरांना बॅगपाइप हवा झाला. सियागंजातून चाललेल्या एका वरातीमागे अर्धा तास चालून त्याला शोधून आणलं ते मीच. हे मला नंतर फार सललं.

पहिल्याच दिवशी त्यानं पोरांना सांगितलं, "आमचे पणजोबा सरकारच्या फौजेत बीन वाजवायचे. तेव्हापासून घरात फुंकणंच चालू आहे, भिया." मग त्यानं एक धून वाजवली. गिटारवाला उभाच राहिला.

"काका, ही कुठली?"

"कुठली नाही, माझी आहे. जामची."

"वा काका! तुम्ही जॅम करता?"

"मी कशाला करू? तो रोजच लगता है. वरात चौकात अटकली, मागून हॉर्न, घोडा बिचकतोय. मग हॉर्नच्याच सुरात ही बसवली. घोडा शांत राहतो."

पोरं लोळून हसली. गाण्याचं नाव 'जॅम' पडलं ते असं.

आमच्या शहरातल्या लालबागच्या मैदानावरच्या मेळ्यात आम्ही ते वाजवलं आणि गर्दी ओरडायला लागली, "काका! काका!" माझं एकट्याचं व्हायोलिन सुरू झालं की लोक तळलेल्या गराडूच्या ठेल्याकडे वळायचे. कार्यक्रमानंतर एक मुलगी हसत माझ्याकडे आली. मी केस सारखे केले. तिनं मोबाइल पुढे केला. "सर, जरा काकांबरोबर आमचा फोटो काढाल?"

काढला. त्याचं डोकं अर्धं कापून काढला.

तो मात्र सगळ्यांना सांगायचा, "सूर तो सरजींचा. आपली नुसती हवा." त्यानं गर्व केला असता तर मला सोपं गेलं असतं.

आता जे लिहायला बसलोय ते लिहितो. मशकबीनचा सूर पक्का असतो; त्याला तारा नसतात की पिळून चढवाव्या. त्याचा 'सा' पेटीच्या काळी पाचच्याही थोडा वर लागायचा. म्हणून तालमीत मी कान लावून गिटार, बेस आणि माझं व्हायोलिन त्याच्यापर्यंत चढवून घ्यायचो. पोरांना याचा पत्ताही नसायचा. तारा लावणं हे सरांचं काम.

रेकॉर्डिंगच्या दिवशी मी त्या चढवल्या नाहीत. मोबाइलवरच्या सूर मोजणाऱ्या यंत्राचा हिरवा दिवा लागेपर्यंत सगळ्यांना नेमक्या सुरात बसवलं. सकाळी आमचं वाजवून झालं. दुपारी त्याला वेगळं वाजवायला उभं केलं आणि पहिल्याच फुंकीला काचेपलीकडचा माणूस म्हणाला, "काका थोडे ऊपर जा रहे हैं." यंत्रानं त्याचा सूर खाली ओढून पाहिला, तर मशकबीन सर्दी झाल्यासारखा रडायला लागला.

पोरांनी माझ्याकडे पाहिलं. "पुन्हा तारा चढवून वाजवू या," एवढंच मी म्हणायला हवं होतं.

मी म्हणालो, "यंत्र खोटं बोलत नाही."

तो पिशवी काखेत तशीच धरून उभा होता. म्हणाला, "मशीन म्हणते तर असेल, सरजी. आम्ही चौकातले." ती धून मग मी व्हायोलिनवर वाजवली. एका पोरानं विचारलं, "खाली धून कोणाची लिहू?" मी म्हणालो, "बांधणी माझी आहे." त्यानं माझं नाव टाकलं. सर कशाला खोटं बोलतील?

तो पुन्हा तालमीला आला नाही. गाणं खूप ऐकलं गेलं, बाहेरगावी कार्यक्रम झाले. पुढे पोरं नोकऱ्यांना लागली आणि बँड संपला. मधल्या काळात परदेशीपुऱ्यात एकदा तो वरातीत दिसला. त्यानं वाजवता वाजवता मान लववली. मी दुकानाची पाटी वाचू लागलो.

या हिवाळ्यात तो गेल्याचं मला महिन्यानं कळलं. त्याच्या बायकोला सगळं सांगायचं ठरवूनच मी परदेशीपुऱ्यात त्याच्या घरी गेलो. नाव सांगताच ती माउली उठली. "बसा ना सर! हे नेहमी नाव काढायचे तुमचं."

मी तोंड उघडणार, एवढ्यात तिनं मोबाइल आणला. "जो येतो ना, त्याला हे ऐकवते मी." आणि 'जॅम' सुरू झालं. माझं व्हायोलिन.

"हे वाजवताहेत," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं, इतका बारीक आवाज कसा हो? तर म्हणाले, मशीनमध्ये गेलं की मशकचा असाच होतो. खरं ना सर?"

"खरं," मी म्हणालो.

तिनं आवाज वाढवला आणि डोळे मिटून ऐकू लागली. मध्येच एकदम उघडले.

"आणि तुमचं कुठे आहे हो यात?"

मी म्हणालो, "मी नाही यात, वहिनी."