मधुकाकांचे चोरदरवाजे : जुन्नर, मंचर, तळेघर

मधुकाकांनी फोनवरून हुकूमच सोडला. मी प्रवासाचा ब्लॉग लिहिते हे त्यांना कळलं होतं, तेव्हा आता त्यांच्यावर लिहायचं. आर्किटेक्ट आणि जादूगार असा दुसरा माणूस महाराष्ट्रात नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसरा नाही याबद्दल आमचं अख्खं घराणं देवाचे आभार मानतं. मधुकाका माझ्या नवऱ्याचे चुलते. ऐन उमेदीत दिवसा घरांचे नकाशे काढायचे आणि संध्याकाळी जत्रेत फेटा बांधून ‘प्रोफेसर मधुसम्राट’ व्हायचे. जादूत सगळं दिसायचं आणि त्यांनी बांधलेल्या घरात काही सापडायचं नाही, एवढीच लोकांची तक्रार.

शनिवारी मी एकटीच गाडी काढून निघाले. तुम्हीही जाणार असाल तर चाकण उजाडायच्या आत ओलांडा, नाहीतर महामार्गावरच मुक्काम घडतो. नारायणगावला मासवडी मिळते. दोन भाकऱ्यांसोबत खाल्ली की जुन्नरपर्यंतच्या खड्ड्यांवरही माया जडते.

काकांचं घर शिवनेरीच्या पायथ्याशी. दारं भरपूर, निम्मी खोटी. न्हाणीघर शोधताना मी दोनदा कपाटात शिरले. काकांनी काळा कोट घालून माझ्या कानामागून नाणं काढलं. ते हातातून निसटून पलंगाखाली गेलं आणि वाकून मलाच काढावं लागलं. जादू का सोडली, असं विचारलं तर म्हणाले, लोकांची अभिरुची गेली. माझ्या मते लोक आधी गेले. रात्री मुक्काम तिथंच केला. सकाळी निघताना त्यांनी बजावलं, मंचरजवळचं मंगल कार्यालय बघायलाच हवं, ते त्यांचं सर्वांत चांगलं काम. “फक्त तिथल्या मॅनेजरला माझं नाव सांगू नकोस.”

मी आधी तिथेच गेले. कार्यालय साधंसुधं, पण स्टेज प्रचंड. स्टेजच्या मधोमध एक चौकोनी फळी होती आणि तिच्यावर इतके खिळे ठोकलेले की लाकूड दिसेना. हे काय, म्हणून मॅनेजरांना विचारलं.

“एका लग्नात नवरी ह्यातनंच गेली,” ते म्हणाले. “जादूवाल्यानं घालवली. तवापासून खिळं मारल्यात. वऱ्हाडाचं जेवान पार गार झालं वो.”

इतकी वर्षं उलटली तरी त्यांना त्या जेवणाचाच चटका लागलेला. ती मुलगी का गेली, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आता कुठे असते ते मात्र पक्कं माहीत होतं. तळेघरला तिची खानावळ आहे. भीमाशंकरला जाताना मंचरची मंडळी तिथंच जेवतात, नवरदेवाकडचीसुद्धा.

मी गाडी घोडेगावकडे वळवली. डिंभ्याच्या पुढे घाट लागतो, रस्ता अरुंद होतो आणि एसटी क्वचितच दिसते. पेट्रोल घोडेगावलाच भरून घ्या. तळेघरला खानावळ लगेच सापडली. संगीताताई पंचेचाळिशीच्या असतील. मी मधुकाकांची सून म्हटल्यावर त्यांनी तव्याखालचा जाळ कमी केला आणि माझ्यासमोर येऊन बसल्या.

नवरा त्यांच्या वडिलांच्या वयाचा होता. त्यांनी नको म्हणून सांगितलं, कुणी ऐकलं नाही. लग्नात करमणुकीला काकांना बोलावलेलं. नवरीच्या खोलीतलं रडणं त्यांच्या कानावर गेलं. दारातूनच त्यांनी विचारलं, अंधारात भिंतीला हात लावून चालता येईल का? अक्षता पडायच्या आधी त्यांनी नवरीला स्टेजवर बोलावलं, अंगावर चादर टाकली आणि ती ओढली तेव्हा तिथं नवरी नव्हती. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला.

“खाली तळघर, तिथनं मागचं फाटक. फाटकाशी आचारी बसल्यालं,” ताई म्हणाल्या. “मी तशीच अंधारात हुबी. वरनं त्यांचा आवाज यायचा, आता नवरी परत आनतो, सगळ्यांनी म्होरं या. आचारीबी गेलं बगाया, फाटक उघडंच ऱ्हायलं. मंग मी सुटली. रस्त्याला घोडेगावची एसटी घावली. हितं मावशी व्हती माजी.”

वर काकांनी आपल्याकडचं होतं नव्हतं ते सगळं काढलं. रुमाल, पत्ते, कबुतरं. प्रत्येक खेळानंतर नवरी येणारच होती, त्यामुळे उठून कोण जाणार? पहिल्यांदाच त्यांच्या प्रयोगातून एकही माणूस उठला नाही. शेवटी कबुतरंही संपली, तेव्हा वऱ्हाडाने त्यांना बडवून काढलं. चष्मा फुटला, हात मोडला. त्या पट्ट्यात त्यांना पुन्हा ना इमारतीचं काम मिळालं, ना जत्रेचं. मार खाल्ल्याचं ताईंना नंतर मावशीकडून कळलं. त्यांनी निरोप पाठवला नाही, आपला ठावठिकाणा फुटेल या भीतीने.

लिहू का, म्हणून विचारलं. “लिवा. आता कोन काय करतंय?” म्हणाल्या, आणि नाचणीची भाकरी वाढली. भीमाशंकरला प्रसादाच्या दुकानांच्या गर्दीतून कसंबसं दर्शन घेतलं आणि परतले.

घरी येऊन काकांना फोन केला. ही गोष्ट तुम्ही का सांगितली नाहीत, असं विचारलं. स्वतःबद्दल बोलायची संधी मिळूनही काकांनी ती सोडली.

“फाटक उघडं होतं का गं?” त्यांनी उलट विचारलं. “मी वरून सारखा तोच विचार करत होतो. नंतर कुणाला विचारायची सोय नव्हती.”

होतं, म्हणून सांगितलं. ताई बऱ्या आहेत, भाकरी उत्तम करतात, हेही सांगितलं. ते म्हणाले, मग मला एकदा घेऊन जा तिकडे. मी नेईन म्हटलं, पण तिथं जादू करायची नाही, ही अट घातली.

“बघू,” काका म्हणाले.